मदत हवी आहे : मिर्झाराजे जयसिंगांची पुरंदर मोहिमेची पत्रे पुरावा म्हणून कशी वापरावीत?

नमस्कार. १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यावर एका दीर्घ लेखाची जुळवाजुळव सुरू आहे. मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांनी छावणीतून औरंगजेबाला पाठवलेल्या फार्सी पत्रांवर त्यासाठी कितपत विसंबावे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ही पत्रे त्यांचा मुनशी (पत्रलेखक) उदयराज याच्या हातची असून ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात ती आढळतात.

लढाईच्या तपशिलाबाबत ती विलक्षण बोलकी आहेत. पुरंदरला लागूनच असलेल्या वज्रगडासमोर चढवलेल्या अवजड तोफा, पुरंदरच्या बुरुजांसमोर उभारलेला लाकडी दमदमा (तोफा चढवण्यासाठीचा उंच मनोरा), वज्रगड पडल्यावर तिथल्या शिबंदीची हत्यारे काढून घेऊन तिला मोकळे सोडणे आणि ते पाहून पुरंदरकरही हत्यार ठेवतील हा त्यामागचा हिशेब, असे बारकावे बखरींत क्वचितच मिळतात. पुरंदर लढवताना पडलेल्या मुरारबाजी देशपांड्यांच्या प्रसंगासाठी आपण सहसा बखरकार सभासदाकडे वळतो. पण त्याने बखर लिहिली ती जिंजीस, राजाराम महाराजांच्या काळात, घटनेला सुमारे तीस वर्षे उलटल्यावर.

अडचण अशी की, ही पत्रे लिहिणाऱ्याला बादशहाकडून कुमक, पैसा आणि दक्षिणेतला एकहाती अधिकार हवा होता, शिवाय दिलेरखानासारखा मातब्बर मोगल सरदार शेजारीच असल्याने श्रेयाचाही प्रश्न होता. त्यामुळे विजयाचे वर्णन कुठे संपते आणि मागणीची पायाभरणी कुठे सुरू होते, हे ओळखणे कठीण जाते. आग्र्याहून शिवाजी महाराज निसटल्यानंतर वजीर जाफरखानाला लिहिलेल्या पत्रात तर सोयरिकीचे आमिष दाखवून त्यांना पकडण्याची कल्पना मांडली आहे. दरबारी भाषेचा पडदा तिथे बराच बाजूला सरकतो, असे माझे मत आहे.

संग्रहातला मजकूर हा मुनशीने ठेवलेला मसुदा मानावा की प्रत्यक्ष रवाना झालेले पत्र? बिकानेरच्या राज्य अभिलेखागारातल्या जयपूर दप्तराशी त्याची कोणी ताडणी केली आहे का? थेट फार्सीवरून केलेले मराठी भाषांतर असल्यास तेही कृपया सुचवावे. तारखांबाबत आणखी एक शंका आहे. वज्रगडासाठी १४ एप्रिल, तहासाठी ११ ते १३ जून अशा आपल्याकडे रूढ तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत आणि नव्या पद्धतीत त्यांत १० दिवस मिळवावे लागतात. पत्रांतल्या हिजरी तारखा आणि जेधे शकावलीतल्या (जेधे घराण्याच्या कालक्रमवार नोंदींतल्या) तिथी शेजारी देताना लेखात कोणती पद्धत ठेवावी?