मदत हवी आहे: खासगी हॉस्पिटलच्या इंटर्नशिपमध्ये हाताने काम कसं मिळवायचं? (कोल्हापूर)

नमस्कार. मी इथेच बी.एस्सी. नर्सिंगच्या सातव्या सेमिस्टरला आहे. पुढे 22 आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला 48 तास. त्यातले अॅडल्ट हेल्थचे 6 आठवडे खासगी मल्टिस्पेशालिटीत लागणार असं दिसतंय आणि मला खरंच धास्ती वाटतेय.

मागे तशाच एका ठिकाणी (नाव नको) पोस्टिंग होतं. आयसीयूत व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, सगळं समोर. पण आम्ही भिंतीला टेकून उभ्या. "हात लावू नका, नातेवाईक चिडतात." नातेवाइकांचंही मला कळतं, पण तेवढ्या दिवसांत मी फक्त बीपी आणि टेम्परेचर लिहिलं.

सरकारी वॉर्डात उलटं. गर्दीत सिस्टर म्हणायच्या, "बाळ, हे सलाईन लाव," आणि हात बसला. मात्र 'का' विचारायला कुणाला सवड नसे. पोटॅशियम क्लोराइड कधीच थेट शिरेत द्यायचं नाही, पातळ करून सावकाश द्यायचं, हे मला रात्री पुस्तकात कळलं.

सगळ्यात जास्त शिकले पन्हाळा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. आरोग्यसेविका ताईंनी एमआरची (गोवर-रुबेला) लस माझ्याकडून तयार करून घेतली, चार तासांत का संपवायची ते सांगितलं. उजवा दंड, कातडीखाली. पहिल्या बाळाच्या वेळी माझा हात धरला, दुसऱ्याच्या वेळी सोडला. स्किल लॅबमधलं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) रडत नाही हो!

कॅथेटर (लघवीची नळी) मी अजून एकदाही स्वतः घातलेला नाही. खासगीत शिकलेल्यांनी सांगा, तिथे काम मागायचं कसं?

प्रतिसाद (स्टाफ नर्स):
"काहीतरी शिकवा" असं म्हणू नकोस. ड्यूटीवर आलीस की ओव्हर (आधीच्या ड्यूटीच्या सिस्टर पेशंटची माहिती सोपवतात ते) नीट ऐक, एक पेशंट निवड, त्याची फाईल वाच. मग इनचार्ज सिस्टरना एकच नेमकं काम सांग: "चार नंबरचं ड्रेसिंग तुमच्यासमोर करू का?" पेशंटला नाव सांगून परवानगी विचार. ड्यूटी संपताना त्या पेशंटचा ओव्हर तू दे. विश्वास तिथं बसतो. आणि कॅथेटर राहिलाय हे तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना आत्ताच सांग, इंटर्नशिप सुरू झाल्यावर नको.

धागाकर्ती:
ताई, खूप आभार. सोमवारीच मॅडमना भेटते. पेशंट हो म्हणाला आणि नातेवाईक अडून बसले, तर तुम्ही काय करता?