धारपांच्या पानातली भीती पडद्यावर का उतरत नाही?

गोदाकाठ:

'तुंबाड' हा भयपट मी आतापर्यंत तीनदा पाहिला. 2018 मध्ये पहिल्यांदा, सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा मुलाला घेऊन, आणि परवा घरी. मधल्या काळात 'मुंज्या' झाला, 'जारण' झाला. तिन्हींवरून आमच्या घरात इतकी वादावादी झाली की इथे विचारावंसं वाटलं.

माझं म्हणणं आधी सांगतो. मी भयकथाकार नारायण धारप वाचत मोठा झालो, 'तुंबाड'मधली म्हातारी त्यांच्याच 'आजी' या कथेतून आलेली. पंचवटीतल्या वाड्यात, माळ्यावर, दिवे गेलेले असताना. धारपांची भीती एका साध्या गोष्टीवर उभी असते, ते सगळं सांगत नाहीत. दाराआड काहीतरी आहे एवढं कळतं, उरलेलं आपण भरतो. नाशिककराला हे समजावून सांगायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीवर जायच्या आधी आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून विचारतो, मारुतीच्या कुठवर आलं? कोणी म्हणतं गुडघ्यापर्यंत, कोणी म्हणतं कमरेला लागलं. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, एवढे शब्द कानावर पडले की सराफ बाजारातल्या दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. त्याने पाणी अजून पाहिलेलंही नसतं.

आताचे भयपट मात्र पाणीच दाखवत बसतात. 'तुंबाड'चा पहिला भाग मला आजही हलवतो. साखळदंडाने बांधलेली म्हातारी, तिला भरवायचं, झोपवायचं, आणि घरात एकटं पोर. पण शेवटी जमिनीखाली एका हस्तरचे, म्हणजे त्यातल्या राक्षसी देवाचे, अनेक हस्तर होतात तेव्हा मी ते मोजायला लागतो, आणि मोजायला लागलो की भीती संपते. 'मुंज्या'त तर संगणकावर बनवलेला तो जीव इतका वेळ समोर वावरतो की ओळखीचा होऊन जातो. वर आवाजाचे दणके. दचकणं म्हणजे भीती नव्हे, दचकायला तर फटाकाही पुरतो.

भयकथेवर चित्रपट करूच नये, इथपर्यंत माझं मत आलं आहे. तुमचं काय?

रात्रीचा शो:

काका, मला हे अजिबात पटलेलं नाही.

पुस्तक मिटता येतं. धारप वाचताना फार झालं की मी पान उलटं ठेवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचो. थिएटरात ते करता येत नाही. शेजारचा अनोळखी माणूस श्वास रोखतो आणि त्याचा श्वास थांबलेला आपल्याला ऐकू येतो. ही भीती एकट्याने माळ्यावर बसून मिळायची नाही.

आणि 'दाखवणं' म्हणजे नुसतं भूत दाखवणं का? 'तुंबाड'मधला पाऊस घ्या. तो चार पावसाळे थांबून खऱ्या पावसात चित्रित केलाय. त्या वाड्याच्या भिंतींचा ओलावा अंगाला लागतो. ते वर्णन करायला लेखकाला दहा पानं लागतील आणि दहाव्या पानाला वाचक कंटाळेल.

दुसरं उदाहरण देतो, जे कुठल्याच पुस्तकातून आलेलं नाही. विशाल फुरियाचा 'लपाछपी', 2017 चा. त्यातली भीती भर उन्हातली आहे, उसाच्या फडातली. आमचं गाव निफाडकडे. उसात चार पावलं आत गेलं की मागची वाट कळत नाही, पात्यांनी हात कापतात आणि कोणीतरी शेजारच्या सरीत चालतंय असं सारखं वाटतं. लहानपणापासून माहीत असलेली ही गोष्ट मला पहिल्यांदा पडद्याने दाखवली, कुठल्या कथेने नाही. त्यातलं खरं भूत मुली नको असलेलं घर आहे, हे नंतर कळतं तेव्हा ऊन आणखी टोचतं.

जुनी सभासद:

गोदाकाठ, तुमच्या वाचनाबद्दल आदर आहे, म्हणूनच सांगते. तुम्ही धारपांना मूळ धरून चाललात, तिथेच गडबड आहे.

धारपांची 'आजी' ही कथा स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेवरून आलेली आहे. आजारी आजीपाशी एकटा राहिलेला मुलगा मूळचा तिकडचा. धारपांनी त्याला आपल्या घरात आणलं, आपली भाषा दिली, आणि आपण कधी विचारलं नाही की किंगशी प्रामाणिक राहिलात का. ती आपलीच आजी वाटली. मग 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनी तीच आजी कोकणातल्या घरात साखळीला बांधली तर त्यांनाच हिशोब का विचारायचा?

आणखी एक गोष्ट. बर्वेंना धारपांची गोष्ट पहिल्यांदा पुस्तकातून भेटलीच नाही. 1993 मध्ये नागझिराच्या जंगलात एका मित्राने ती त्यांना तोंडी सांगितली. म्हणजे किंगची कथा, धारपांचं रूपांतर, मित्राने जंगलात केलेलं कथन, मग पटकथा. या साखळीत भीती नेमकी कुठे होती ते तुम्ही सांगा. मला तरी ती सांगणाऱ्याच्या आवाजात दिसते.

जाता जाता, आपल्या सार्वजनिक वाचनालयात 'तुंबाड' पाहून 'तुंबाडचे खोत' न्यायला येणारी मुलं मला भेटली आहेत. चित्रपटाने श्री. ना. पेंडशांकडून फक्त नाव घेतलंय. पेंडशांच्या दोन जाडजूड खंडांत जगबुडीकाठच्या खोत घराण्याच्या पिढ्या आहेत, हस्तर नाही. पण एका मुलीने पहिला खंड परत करताना दुसरा मागितला. 1840 पासून उभ्या असलेल्या वाचनालयाला यापेक्षा काय हवं?

सिडको 9:

भयपटाचं चाललंय, पण पुस्तकावरच्या चित्रपटांत 'छावा'चं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. शिवाजी सावंतांची कादंबरी मी दोनदा वाचलीय. त्यात 'बुधभूषण' लिहिणारे, संस्कृत जाणणारे, घरातल्याच कारस्थानांनी पोळलेले शंभूराजे आहेत. चित्रपटात गर्जना फार आणि माणूस कमी. शेवटचे हाल तर इतके लांबवलेत की माझ्या पुढच्या रांगेतलं सात-आठ वर्षांचं पोर आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होतं. भयपटाला आपण मुलांना नेत नाही, मग इथे का नेतो?

रात्रीचा शो:

सिडको 9, मुलांबद्दलचं मान्य. पण माणूस कमी हे नाही पटत. साखळदंडात असताना संभाजीराजे आणि कवी कलश एकमेकांना कवितेने उत्तर देतात, तो प्रसंग आठवा. आमच्या शोला तिथे पूर्ण थिएटर गप्प होतं. कवी राजा तिथे होता.

गंगापूर रोड:

मी सत्तरीतला आहे, भयपट बघत नाही. रूपांतराबद्दल मात्र बोलायचा हक्क मला वाटतो, कारण शिरवाडकर आमच्या गावचे. 'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आलं. 2016 च्या चित्रपटात बेलवलकरांना रामभाऊ हा मित्र दिला, विक्रम गोखल्यांनी केलेला. मूळ नाटकात हा माणूस नाही. मी रागानेच बघायला गेलो होतो, तात्यांच्या नाटकात भर घालणारे हे कोण म्हणून. पण दवाखान्यात ते दोघे म्हातारे नट कर्ण आणि कृष्ण होऊन बोलायला लागले आणि माझा राग गेला. बेलवलकरांना बरोबरीचा माणूस नाटकात कधी मिळालाच नव्हता, हे मला तेव्हा समजलं. मुळाला धक्का लावला म्हणून ओरडणाऱ्यांत मी आता नाही. धक्का लावून काय दिलंत, एवढंच विचारतो.

पेठचा मास्तर:

सगळ्यांचं वाचलं. पान की पडदा यापेक्षा मला वेगळी काळजी आहे आणि ती 'जारण'बद्दल आहे.

मी पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर बावीस वर्षं शिकवतोय. शहरात भीती ही रात्री दोन-अडीच तासांची मौज असते, दिवे लागले की संपते. आमच्याकडे एखाद्या घरात लागोपाठ दोन जनावरं मेली की शेजारच्या विधवेकडे बोटं वळतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मावशीला अशीच 'करणी करते' म्हणून गाव सोडावं लागलं. तिला फिट्स यायच्या, एवढंच. नंतर गोळ्यांनी त्या थांबल्या, पण ती परत आली नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो चांगला आहे. तरी कायदा पाड्यापर्यंत पोचण्याच्या आधी मोबाइलवर चित्रपट पोचतो.

'जारण'मध्ये हे वेड आहे की करणी, हा प्रश्न मोकळा ठेवलाय. शहरातल्या प्रेक्षकाला तो मोकळेपणा कलात्मक वाटत असेल. ज्याच्या मनात उत्तर आधीच पक्कं आहे, त्याच्यासाठी ते दार उघडंच राहतं आणि तो त्यातून सरळ करणीकडे जातो. अमृता सुभाष यांनी कमाल काम केलंय. पण काम जितकं चांगलं तितकी माझी काळजी वाढते.

वॉर्ड नंबर चार:

मास्तर, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, पण माझा अनुभव उलटा आहे. मी परिचारिका आहे, मानसोपचाराच्या वॉर्डात. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट आधी कुठल्या तरी बाबाकडे जाऊन आलेला असतो. कोणाच्या दंडावर ताईत असतो, कोणाच्या पाठीवर वळ असतात. घरचे आजाराचं नाव घ्यायला लाजतात. मागच्या वर्षी एक मुलगी बहिणीला घेऊन आली आणि म्हणाली, सिस्टर, 'जारण'मधल्या बाईसारखं होतंय हिला. चित्रपट पाहून ती बाबाकडे गेली नाही, आमच्याकडे आली.

तो प्रश्न मोकळा ठेवला नसता, पहिल्याच दृश्यात डॉक्टरने उभं राहून सांगितलं असतं की हा भ्रम आहे, तर हे लोक पाच मिनिटांत उठून गेले असते. त्यांच्या भीतीशी आधी बसावं लागतं. हे मी रोज करते, म्हणून सांगते.

आणि गोदाकाठ काकांसाठी: 'जारण'चे दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते स्वतः भयकथा लिहिणारे. त्यांनी आपणहून कॅमेरा हातात घेतला, तो काही उगाच नसेल. आपल्या नाशिकच्या अनिता दाते त्यात आहेत, 'तुंबाड'मध्ये नायकाची, विनायकची, बायको झाल्या होत्या त्याच. दोन्हीकडे त्या फार थोडं बोलून जे करतात, ते न सांगणंच आहे ना?

पेठचा मास्तर:

सिस्टर, तुमच्या वॉर्डापर्यंत जी पोचली तिचं मला बरं वाटलं. जी पोचत नाही ती मला दिसते. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतोय, पण मी माझी हरकत मागे घेत नाही. वर्गात नववी-दहावीच्या मुलांशी या चित्रपटावर बोलणार आहे, तुम्ही कधी पेठला आलात तर वर्गावर या.

वॉर्ड नंबर चार:

येईन. दोन दिवस आधी कळवा, ड्यूटी बदलून घेते.

सिडको 9:

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. तुंबाडची माणसं कोकणातली, 'मुंज्या'तली भुताची कल्पना आपली, पिंपळावरचा मुंजा आपल्या आजीने आपल्याला सांगितलेला, आणि दोन्ही चित्रपट हिंदीत. 'लपाछपी' मराठीत आला तेव्हा माझ्या ओळखीत कोणी पाहिला नव्हता. त्याच दिग्दर्शकाने 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' केला तेव्हा सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. साखळीला बांधलेली ती म्हातारी मराठीत बोलली असती तर माझी झोप नक्की उडाली असती. हिंदीत ती मला थोडी लांबची वाटली.

रात्रीचा शो:

याला माझ्याकडे उत्तर नाही. आजीचं तर शंभर टक्के. ती म्हातारी आणि शेवटी दिसणारा विनायकचा मुलगा पांडुरंग, दोन्ही एकाच मोहम्मद समद नावाच्या मुलाने केलेत हे कळल्यावर मी तो भाग तीनदा पाहिला. आपल्या फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते, तेव्हापासूनची ही गंमत आहे. पण भाषा मराठी हवी होती.

गोदाकाठ:

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण जुनी सभासद यांचं नागझिराचं डोक्यातून जात नव्हतं. 'आजी' धारपांची स्वतःची असंच मी आजवर धरून होतो. किंगचा संबंध मला माहीत नव्हता. ते कळल्यावर वाईट वाटलं नाही, धारपांबद्दलचं प्रेमही कमी झालं नाही.

काल रात्री आमच्याकडे वीज गेली. मुलाला म्हटलं, बस, गोष्ट सांगतो. पुस्तक हाताशी नव्हतं, आठवेल तशी धारपांची एक कथा सांगितली. मधे तो दोनदा म्हणाला, बाबा, हळू बोला. सकाळी उठल्यावर त्याने विचारलं, ती जिन्यावरची ओली पावलं पुस्तकात कुठे आहेत, दाखवा. मी पुस्तक काढून पूर्ण कथा वाचली. पावलं त्यात नाहीत. ती मी घातली होती, आणि रात्री सांगताना मला ती धारपांचीच वाटत होती.

भयकथेवर चित्रपट करूच नये, हे माझं वाक्य मागे घेतो. गंगापूर रोडच्या आजोबांचा प्रश्न जास्त बरोबर आहे.

रात्रीचा शो:

काका, मग बर्वेंनी तरी वेगळं काय केलं?

गोदाकाठ:

तेच केलं. पण हस्तर शेवटपर्यंत एकच राहायला हवा होता. त्यावर मी ठाम आहे.