मराठी कीबोर्ड लावला की आउटलायनरचे शॉर्टकट बिघडतात

पंचवटीकर
ब्राउझरमध्ये चालणारा छोटा आउटलायनर (ओळीखाली उपओळी मांडायचं साधन) लिहितोय. वापरणारे नाशिक जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदार. छाटणीपासून काढणीपर्यंतची कामं एकाखाली एक मांडायला. टॅबने ओळ आत, शिफ्ट-टॅबने बाहेर, आल्ट-शिफ्ट-बाणाने वर-खाली, कंट्रोल-आल्ट-१ ते ४ ने तितक्या पातळ्या उघडायच्या, कंट्रोल-के ने शोध. इंग्रजीत सगळं चालतं. इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) लावलं की कंट्रोल-के मरतं. लिप्यंतर करून (रोमन अक्षरांतून मराठी) टाइप करणाऱ्यांनी एंटर दाबला, तर शब्द पक्का होतो आणि शिवाय एक रिकामी ओळही येते. विंडोजवर क्रोम.

गोदाकाठ
एंटर: कीडाउन (कळ दाबल्याची घटना) हाताळताना ‘इजकंपोझिंग’ (शब्द अजून जुळतोय) खरं असेल तर काहीही न करता परत फिरा. पुढे सफारीवर नेणार असाल तर तेवढ्याने भागत नाही. तिथे कंपोझिशन (शब्द जुळवणं) संपल्याची घटना कीडाउनच्या आधी येते, म्हणून कीकोड २२९ (कळ शब्द जुळवण्यात वापरली गेल्याची खूण) आहे का तेही बघा.

कंट्रोल-के: इनस्क्रिप्टमध्ये के च्या जागी क आहे. तुम्ही इव्हेंटची ‘की’ (उमटणारं अक्षर) तपासताय, तिच्यात ‘क’ येतो. ‘कोड’ (कळीची जागा) तपासला तर कुठलाही लेआउट असो, ‘कीके’च मिळतं. पण सरसकट कोडवर जाऊ नका, ड्वोराकवाल्यांची (इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी वापरणाऱ्यांची) अक्षरं हलतील. ‘की’ रोमन अक्षर असेल तर ती घ्या, नसेल तरच कोड.

रात्रपाळी
कंट्रोल-आल्ट काढूनच टाका. विंडोजवर उजवा आल्ट (आल्टजीआर) म्हणजे कंट्रोल अधिक आल्टच. इंग्रजी (भारत) लेआउटवर कंट्रोल-आल्ट-४ ने ₹ उमटतो. औषधाचा भाव लिहायला जाल आणि अख्खी यादी चौथ्या पातळीपर्यंत उघडेल!

आल्ट-शिफ्टही नको. डावा आल्ट-शिफ्ट विंडोजमध्ये भाषा बदलतो. बाण दाबायच्या आधी बोटं सुटली की मराठीचं इंग्रजी. ओळ हलवायला नुसता आल्ट-वर, आल्ट-खाली ठेवा. आडव्या बाणांना मात्र आल्ट लावू नका, ब्राउझर मागच्या पानावर जातो.

पातळ्यांसाठी: एस्केप दाबला की कर्सर मजकुरातून बाहेर, पूर्ण ओळ निवडलेली. त्या अवस्थेत नुसते १ ते ४. इथेही कोडच वाचा, नाहीतर ‘४’ आणि ‘4’ चा घोळ. याच अवस्थेत टॅबने फोकस यादीबाहेर गेला पाहिजे. माउस न वापरणारा नाहीतर आत अडकतो; डब्ल्यूसीएजीचा (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांचा) २.१.२ हा निकष त्यासाठीच आहे.

पंचवटीकर
शिफ्ट-टॅबचं विचारायचं राहिलं. ‘फळछाटणी’खाली पेस्टिंग, विरळणी, डिपिंग आहे. ‘विरळणी’ बाहेर काढली तर ‘डिपिंग’ कुणाखाली?

गोदाकाठ
दोन्ही पद्धती चालतात, दोन्हींत खोट आहे. ‘डिपिंग’ फळछाटणीखालीच ठेवलं तर ‘विरळणी’ त्याच्याही खाली उडी मारते. ‘विरळणी’ जागेवर ठेवली तर ‘डिपिंग’ न विचारता तिची उपओळ होतं. मी पहिली घेईन: ओळ सरकलेली डोळ्यांना दिसते, पालक बदललेला पटकन दिसत नाही. कर्सर त्याच अक्षरावर ठेवा, ओळ पडद्याबाहेर गेली तर स्क्रोल करून आणा, आणि सगळं मिळून कंट्रोल-झेडची एकच पायरी.

टॅबची उलट बाजूही तपासा. वरची ओळ मिटलेली असताना टॅब दाबला की आताची ओळ तिच्या पोटात गडप होते. आधी वरची उघडा, मग आत घ्या.