तुमच्या लेकराचा पहिला दात कुठं पडला?

लेक सहा वर्षांची झाली. खालचा पुढचा दात हलतोय. दिवसभर जिभेनं ढकलत बसते आणि भाकरीचा कडक पापुद्रा दिसला की रडते. आई म्हणते, दात माळवदावर, म्हणजे जुन्या घराच्या मातीच्या धाब्यावर टाकायचा. आम्ही संभाजीनगरात फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. माळवद आणू कुठून? तुमच्याकडं काय केलं ते सांगा.

लातूरहून:
आमच्या पोराचा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात पडला. कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसलेली, हा भज्जीत उंडा कुस्करून खात होता. एकदम थांबला. बोट तोंडात, बोटाला रक्त. दात काही सापडेना. सासूबाईंनी अख्खी भज्जी चमच्यानं निवडली, मी सतरंजी झटकली. गिळलाच असणार. पोटात दाताचं झाड उगवंल म्हणून हा अंबीलही पिईना. डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. तुरीच्या दाण्याएवढा तर असतो, म्हणाले, जाईल निघून.

नांदेडहून:
आमच्याकडं जुना पडायच्या आधीच मागून नवा डोकावला. दोन रांगा! रात्रभर झोप नाही मला. दाताच्या डॉक्टरांनी बोटानं हलवून बघितलं. हलतोय ना, मग पडंल आपोआप, म्हणाले. नवा दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ झिजवत येतो; हा जरा मागून आला म्हणून जुना अडून बसला होता. तीन आठवड्यांनी पेरू खाताना पडला. हातात घेतला तर खरंच मूळ नाही, नुसती पोकळ टोपी.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं दाढ येते, ती दुधाची नसते, कायमची असते. 'पडणारच आहे' म्हणून थोरल्याची आम्ही किडू दिली. चुकलंच ते.

अंबाजोगाईहून:
दात शेणाच्या गोळीत घालून माळवदावर भिरकवायचा. 'उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे!' माळवदाच्या मातीत उंदीर खरोखरच असायचे, त्यामुळं मामावर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. शंका आज्जीवर. 'बघू बरं किती हलतो' म्हणाली आणि पदरानं धरून उपटलाच. आठ दिवस तिच्यासमोर तोंड उघडलं नाही मी.

परभणीहून:
पहिलीला शिकवते. अर्धा वर्ग बोळका, 'ससा'चा 'थथा'. टेबलात कागदाच्या पुड्या ठेवते, पडला की पुडीत, वर नाव. नाहीतर घरी जाईपर्यंत दात खिशातून गायब आणि मग रडारड.

पुन्हा मी, संभाजीनगर:
काल पडला! ब्रश करताना, बेसिनच्या जाळीत अडकला म्हणून वाचला. शेण कुठलं मिळायला, कणकेच्या गोळीत घातला आणि गॅलरीतून पार्किंगच्या पत्र्यावर टाकला. टप्प. सकाळी बघितलं तर पत्र्यावर चिमण्या कणीक टोचतायत. लेक बघत राहिली, मग भोकाड पसरलं.

"आई, चिमणीला तर दातच नसतात!"