चर्चिलची अस्वलं, इनुइटांची शिकार आणि मी न केलेली सही

हडसनकाठ

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं चर्चिलला जाऊन आलो. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, पार वर, हडसन उपसागराच्या काठावरचं जेमतेम नऊशे वस्तीचं गाव. तिथे जायला रस्ताच नाही. विमान, नाहीतर विनिपेगहून दोन रात्रींची आगगाडी. आम्ही गाडी धरली. दुसऱ्या दिवसापासून झाडं खुजी होत जातात, वाऱ्यामुळे फांद्या एकाच अंगाला उरतात, आणि एका सकाळी खिडकीबाहेर बघावं तर झाडंच संपलेली.

अस्वलं दिसली. अकरा मोजली, त्यात एक आई आणि दोन पिल्लं. त्यांचं पोट सीलवर, आणि सील धरायला पायाखाली बर्फ लागतो. उन्हाळाभर जवळजवळ उपाशी राहून ती समुद्र गोठायची वाट बघत किनाऱ्यावर येतात. चर्चिल नदीचं गोडं पाणी इथे उपसागराला मिळतं, ते लवकर गोठतं, म्हणून गर्दी इथेच. गावात घुसणाऱ्या अस्वलांसाठी तुरुंगसुद्धा आहे! लष्कराची जुनी इमारत, २८ कोठड्या. प्यायला पाणी, खायला काही नाही (चटक लागली तर परत येतील), आणि मग हेलिकॉप्टरखाली जाळीत टांगून उत्तरेला रवानगी.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात मामेसासऱ्यांनी एक ऑनलाइन अर्ज पाठवला: मॅनिटोबाच्या उत्तरेला लागून असलेल्या नुनावुत प्रदेशातल्या इनुइटांना (तिथले मूळ रहिवासी) ध्रुवीय अस्वलं मारू देऊ नयेत. 'तू डोळ्यांनी बघून आलीस, तुझी सही तर हवीच.' (मॅनिटोबात ही शिकार बंदच आहे. पण हीच अस्वलं हद्द ओलांडून नुनावुतमध्ये अर्वियात गावाकडे जातात आणि तिथे इनुइटांना ठरावीक कोटा आहे.)

मी सही केली नाही. का, ते सांगते.

चर्चिलमध्ये आम्हाला डेने या आदिवासी समाजाच्या एक वयस्कर बाई भेटल्या. त्यांनी अस्वलांबद्दल एक अक्षर काढलं नाही, आपल्या लोकांबद्दल सांगितलं. सायिसी डेने हे कॅरिबूंच्या मागे फिरणारे लोक. कॅरिबू म्हणजे रेनडियरच, उत्तर अमेरिकेतले. १९५०च्या सुमारास सरकारी खात्यांनी ठरवलं की कॅरिबू झपाट्याने घटताहेत आणि हे लोक ते वारेमाप मारतात. ऑगस्ट १९५६मध्ये लिटल डक लेकला विमान आलं आणि सुमारे २५० माणसांना उचलून चर्चिलला आणून टाकलं. होड्या, सापळे, कुत्री, सगळं मागे. समुद्रकाठी उघड्यावर तंबू, मग दफनभूमीला लागून 'कॅम्प १०' नावाची वस्ती, मग 'डेने व्हिलेज'. जंगलातल्या शिकाऱ्याने तिथे करायचं काय? दारू, मारामाऱ्या, आगी, थंडी. दोन दशकांच्या आत जवळपास एक तृतीयांश माणसं गेली. १९७३च्या सुमारास उरलेले आपणहून उठले आणि टाडूल लेकला नव्याने गाव वसवलं. सरकारने माफी मागितली २०१६ साली.

आणि कॅरिबू? धरलं होतं तितके ते घटलेच नव्हते.

प्राणी वाचवण्यासाठी लोकांना थांबवा, असं म्हणणाऱ्या कुठल्याही कागदावर टोरांटोजवळ मिसिसागाच्या उबदार घरात बसून सही करायला माझा हात रेटत नाही. तुमचं मत?

---

जिप्सी_नं_४

धागा छान, पण मुद्दा पटला नाही. मी चंद्रपूरचा, पंधरा वर्षं ताडोब्यात पाणवठ्यावरच्या गणनेला बसतोय, म्हणून जरा खडूस लिहितो.

१९५६ साली मोजणी चुकली म्हणून आजचीही चूक? ही उडी कशी मारली? पश्चिम हडसन उपसागरातल्या अस्वलांची आजची गणना विमानातून, पद्धतशीर होते. १९८७च्या अंदाजात १,१९४ अस्वलं होती. २०१६मध्ये ८४२. २०२१मध्ये ६१८. आणि २०१६नंतर घटल्या त्या मुख्यतः माद्या आणि वयात येणारी अस्वलं. वाघिणी कमी झाल्या की काय होतं ते आमच्याकडच्या पोरालाही कळतं.

अशा वेळी वर्षाला काही डझन अस्वलं कायद्याने मारू द्यायची? परंपरा मान्य. पण कोट्यातले काही परवाने बाहेरच्या हौशी शिकाऱ्यांना विकले जातात, घसघशीत पैशांना. त्यांच्या दिवाणखान्यात लोळणारं कातडं कुठल्या परंपरेत बसतं?

---

बेरीजवजाबाकी

मी चार वर्षं रँकिन इनलेटला हिशेबनिसाची नोकरी केली. नुनावुतमध्येच, अर्वियातच्याही वर. तिथल्या दुकानात कोबीचा गड्डा बघून मी हसलो होतो. मग किंमत बघितली.

इथे कुणाच्या ध्यानात येत नाही तो हिशेब मांडतो. शिकारीला बंदूक, काडतुसं, स्नोमोबाईल आणि पेट्रोल लागतं. हे सगळं रोखीत. ती रोख पूर्वी यायची सीलच्या कातड्यांतून. मांस घरी, कातडं बाजारात. १९८३मध्ये युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांची कातडी बंद केली. इनुइट ती पिल्लं मारतच नव्हते, ते मोठे सील मारतात. पण बाजारात कातड्याचा भावच कोसळला. २००९मध्ये युरोपची आणखी मोठी बंदी आली. इनुइटांना सूट होती, कागदावर. दुकानदार कातडं हातात धरायला तयार नव्हता, तर त्या सवलतीचं लोणचं घालायचं?

रोख गेली तसं पेट्रोल गेलं, शिकार कमी झाली, आणि ताटात सीलच्या जागी विमानाने आलेले डबे. हे झालं सह्यांच्या मोहिमांनीच. सह्या करणाऱ्यांचं काही गेलं नाही.

बाहेरच्या शिकाऱ्याबद्दल: तो आला तरी एकूण कोटा वाढत नाही, गावाला मिळालेल्यातलाच एक परवाना जातो. त्याने इनुइट वाटाड्याबरोबर कुत्र्यांच्या गाडीनेच जायचं असतं. मांस गावात वाटलं जातं. दोन-तीन घरांचा हिवाळा त्यात निघतो. तसाही २००८पासून अमेरिकनांना ते कातडं घरी नेता येत नाही, त्यामुळे मोठं गिऱ्हाईक गेलंच.

---

शेवंता

अस्वल मारून वर मांस वाटतात म्हणजे पुण्य का? काही म्हणा, मला वाचूनच कसंतरी झालं. जीव तो जीव.

---

बेरीजवजाबाकी

@शेवंता ताई, तिथे औषधालाही झाड नाही. पिकत काहीच नाही. बेलुगा देवमाशाची कातडी कच्ची खातात, त्यात 'क' जीवनसत्त्व असतं, म्हणून ही माणसं भाजीपाल्याशिवाय हजारो वर्षं टिकली. वरणभात हा सुपीक जमिनीचा थाट आहे.

---

निवांत_पाटील

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लोकमान्यांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवापाशी नेऊन ठेवलं होतं, तेव्हा आपले पूर्वजही सीलच खात असणार. चालू द्या.

---

सेमाडोह

मी अमरावतीची. @हडसनकाठ, सायिसी डेनेंची गोष्ट वाचून थांबले, कारण वाघांसाठी गावं उठवली तेव्हा असा संसार ट्रकवर चढताना मी मेळघाटात पाहिलाय. फरक आहे, तो आधी सांगते: आमच्याकडे पैसे देतात. २००८पासून कुटुंबाला दहा लाख, पुढे पंधरा झाले. काही कोरकू कुटुंबं आपणहून गेली. कोअरमध्ये, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात, ना रस्ता, ना दवाखाना, अडलेल्या बाळंतिणीला खाटेवरून न्यायचं, तिथे कोण राहील? 'सगळे जबरदस्तीने हाकलले' हे खोटं, आणि 'सगळे खुशीने गेले' हे त्याहून खोटं. दवाखाना न दिल्यामुळे माणूस निघून गेला, तर ती त्याची खुशी का?

आता @जिप्सी_नं_४ दादा, राग मानू नका. तुमच्या ताडोब्याचं नाव ज्या तारूवरून पडलं तो गोंडांचा देव. वाघाशी झुंजताना मेला म्हणतात, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. देव आत राहिला आणि त्याची लेकरं फाटकाबाहेर. चर्चिलच्या त्या बाईंनी अस्वलांबद्दल अक्षर का काढलं नाही, ते मला इथे बसून कळतं.

---

जिप्सी_नं_४

@सेमाडोह ताई, राग कसला. तारूचं म्हणणं बरोबर आहे, आणि ताडोब्यातलं नवेगाव उठताना मी तिथे होतो. पण त्या जागी आता गवताळ कुरण आहे, चितळ आहेत, आणि वाघीण पिल्लं घेऊन येते, हेही मी बघतो. दोन्ही खरं आहे. मला एक पारडं उचलून फेकता येत नाही.

@बेरीजवजाबाकी, हिशेब चोख. सील आणि अस्वल यांची गल्लत मात्र तुम्ही केलीत. सील लाखोंनी आहेत. अस्वलाच्या मादीला दोन-तीन वर्षांनी एकदा पिल्लं होतात.

---

कोळसा_आणि_कांदा

सगळे शिकारीवर घसरलात. अस्वलं घटतात ती बर्फामुळे. १९८०च्या दशकाच्या मानाने उपसागर आता तीनेक आठवडे जास्त मोकळा राहतो. जमिनीवर उपाशी अस्वलाचं दिवसाला किलोभर वजन झडतं, म्हणजे गणित करा. तो बर्फ इनुइटांच्या बंदुकीने वितळला नाही. तुमच्या-माझ्या विमानाने, एसीने, गाडीने वितळला. विनिपेगहून आगगाडी, वा! पण टोरांटो ते विनिपेग?

'संपायच्या आधी बघून घेऊ' म्हणून जाणारे लोक स्वतःच संपवायला हातभार लावतात. अशा पर्यटनावर धागा काढा, मी पहिली सही करतो.

---

हडसनकाठ

@कोळसा_आणि_कांदा टोरांटो ते विनिपेग विमानाने. मान्य, पकडलंत.

पण चर्चिलचं पर्यटन बंद करून उरतं काय? बंदर आणि रेल्वे. २०१७च्या पुरात रूळ वाहून गेले आणि मालक कंपनी दुरुस्तीवरून हात वर करून बसली, दीडेक वर्ष गाडी नव्हती. मग २०१८मध्ये ज्या गटाने रेल्वे आणि बंदर विकत घेतलं त्यात तिथल्या आदिवासी समूहांची भागीदारी आहे. आम्ही तिकिटाचे पैसे त्यांच्या रुळांना दिले, इतकं समाधान तरी ठेवू द्या.

@जिप्सी_नं_४ 'ही उडी कशी मारली' याचं उत्तर देते. आजचे शास्त्रज्ञ चुकताहेत असं मी म्हटलंच नाही. ६१८ हा आकडा मला खरा वाटतो, म्हणून तर रात्री तो डोक्यातून जात नाही. माझं म्हणणं एवढंच की आकडा चुकला तर किंमत कोण मोजतं. १९५६ला आकडा धरणाऱ्या एकाही साहेबाने हिवाळा तंबूत काढला नाही. २०१३मध्ये बँकॉकला वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अमेरिकेने ध्रुवीय अस्वलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी मागितली होती. ठराव पडला. इनुइट तिथे विरोध करायला स्वतः गेले होते. जगातल्या ध्रुवीय अस्वलांपैकी सुमारे दोन तृतीयांश कॅनडात आहेत. शेकडो वर्षं शेजारी राहून, खाऊन, त्यांनी ती ठेवलीच ना?

---

जिप्सी_नं_४

'ठेवली' हा शब्द जरा भाबडा. बंदुका आणि स्नोमोबाईल नव्हत्या तेव्हाची गोष्ट ती. म्हणूनच १९७३मध्ये पाच देशांना बसून ध्रुवीय अस्वलांचा करार करावा लागला, आणि कोटेही त्या काळातच पक्के झाले. त्या करारात स्थानिक लोकांची शिकार राखून ठेवली, ते योग्यच केलं.

---

बेरीजवजाबाकी

हे मान्य. कोटा हवाच, आणि तिथे कुणी नको म्हणत नाही. भांडण आकड्यावरून. अर्वियातचे म्हातारे म्हणतात अस्वलं वाढलीत, कारण गावात जास्त दिसतात. शास्त्रज्ञ म्हणतात घटलीत, उपाशी आहेत म्हणून गावात येतात. २०१८मध्ये अर्वियातजवळच्या एका बेटावर मुलांना वाचवताना एक बाप अस्वलाच्या हल्ल्यात गेला. त्या गावात जाऊन ६१८ म्हणून दाखवा.

---

जिप्सी_नं_४

दाखवणार नाही. आमच्याकडेही सरपणाला गेलेली बाई वाघाने नेली की आम्ही गणनेचा कागद खिशातच ठेवतो.

तरी सांगतो, तो अर्ज मी शोधला आणि आत्ताच सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: फक्त बाहेरच्यांना विकलेल्या परवान्यांपुरती. गावाच्या शिकारीला माझा विरोध नाही.

---

सेमाडोह

शेरा कुणी वाचत नाही दादा, सह्या मोजतात.

---

हडसनकाठ

@जिप्सी_नं_४ मामांना तुमचं नाव कळवते. फार खूश होतील, आणि आजपासून रोज एक अर्ज पाठवतील. भोगा.