व्हॅलहाइमचा सर्व्हर पुण्याहून बडोद्याला आणतोय – कोणती सेटिंग कशी ठेवू?

ऋचा_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. आम्ही सात मावस-चुलत भावंडं व्हॅलहाइम हा मिळून जगायचा, घरं बांधायचा कॉम्प्युटर गेम खेळतो. मी आणि माझा धाकटा भाऊ बडोद्यात, तिघं पुण्यात, एक इंदूरला आणि थोरली ताई टोरांटोला. आजवर आमचं जग पुण्याच्या दादाच्या कॉम्प्युटरवर होतं. म्हणजे तो बसला तरच आम्ही बसणार. आता त्याचं लग्न ठरलंय, पुढचं सांगायला नको. म्हणून सर्व्हर आमच्या घरी आणायचा ठराव एकमताने पास झाला आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

बाबांच्या दुकानातला जुना डेस्कटॉप मिळालाय: आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. राउटर देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे, म्हणून पेटीही तिथंच. आईची अट एकच, आरतीच्या वेळी आवाज आला तर बाहेर काढीन.

अडलेल्या गोष्टी:

दादाने जगाच्या फाइली पाठवल्या, मी त्या ठेवल्या, सर्व्हर सुरू केला, आत गेले तर भलतंच जग! आमचं घर नाही, काही नाही, नुसते दगड आणि कावळा.

राउटरमध्ये २४५६ आणि २४५७ हे पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडले, तरी पुण्याहून कोणालाच जोडता येत नाही. घरातल्या वायफायवर मात्र मला लगेच जोडता येतं.

खेळातल्या घरी सगळे जमलो की खेळ अडखळतो. मारलेला डुक्कर दोन सेकंद उभाच राहतो. गंमत म्हणजे ताई म्हणते, मी एकटी असते तेव्हा लोण्यासारखं चालतं, आणि ती तर सगळ्यात लांब! रॅम १६ जीबी करून घेऊ का?

शेवटचं म्हणजे भांडणं. धाकटा दहावीत आहे, मेला की सगळं सामान गेलं म्हणून फोन आपटतो. इंदूरचा म्हणतो अवघड करा, नाहीतर मजा काय. ताईला मुलं झोपल्यावर तासभर मिळतो, तेवढ्यात घरावर हल्ला झाला तर ती एकटीच. सगळ्यांना पटेल असं काही सेटिंग आहे का?

वायरमन_रावपुरा

ऋचा, रॅमचे पैसे ठेव. ८ जीबीत तुमचे सात जण आरामात मावतात. हा खेळ तसाही दहाच्या वर माणसं घेत नाही. मी दुकानांचे कॅमेरे आणि नेटच्या वायरी ओढतो, आणि भाचेकंपनीसाठी हाच सर्व्हर चालवतो, त्यामुळे तुझे चारही प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत.

भलत्या जगाचं आधी. प्रत्येक जगाच्या दोन फाइली असतात, एक डीबी आणि एक एफडब्ल्यूएल, दोघींचं नाव तेच. त्या ॲपडेटा, लोकललो, आयर्नगेट, व्हॅलहाइम या वाटेने गेल्यावर जो वर्ल्ड्स_लोकल फोल्डर लागतो त्यात हव्यात. आणि सर्व्हर सुरू करायच्या बॅच फाइलमध्ये ‘वर्ल्ड’ शब्दापुढे जे नाव आहे ते या फाइलींच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. नाव सापडलं नाही तर सर्व्हर कुरकुर करत नाही, गुपचूप त्या नावाचं नवं जग बनवून मोकळा होतो. तुझ्याकडे बहुतेक अजून कंपनीने दिलेलं मूळ नावच असेल. दादाचं जग क्लाउडवर असेल तर त्याला खेळातल्या सेव्ह सांभाळायच्या पडद्यावरून ते आधी लोकलवर, म्हणजे त्याच्याच कॉम्प्युटरवर, हलवायला सांग, मगच फाइली माग.

बॅच फाइलची एक प्रत काढ, तिला दुसरं नाव दे आणि बदल त्या प्रतीतच कर. अपडेट आला की मूळ फाइल पुन्हा कोरी होते. पासवर्ड निदान पाच अक्षरांचा हवा, आणि सर्व्हरच्या नावात तो शब्द येता कामा नये. आला तर सर्व्हर उभाच राहत नाही, आणि माणूस तासभर नेटला शिव्या देत बसतो.

आता पुण्याचं. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघ. तो १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर तुझं घर कॅरियरच्या सामाईक नॅटच्या मागे आहे. म्हणजे बाहेरचा खरा पत्ता अनेक घरांत मिळून एकच, तू आपल्या राउटरात किती का पोर्ट उघडेनास, बाहेरचं दार तुझ्या हातात नाही. आकडा वेगळा दिसला तरी इंटरनेटवर ‘माझा आयपी’ शोधून जो येतो त्याच्याशी ताडून बघ. दोन्ही जुळले नाहीत तर निदान तेच. नेटवाल्याकडे स्थिर आयपी मागता येतो, महिन्याला जास्तीचे पैसे पडतात. फुकटातला मार्ग म्हणजे बॅच फाइलच्या ओळीत ‘क्रॉसप्ले’ घाल. मग जोडणी प्लेफॅब या मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या मधल्या सर्व्हरमार्फत होते, पोर्ट उघडायची गरजच राहत नाही, आणि सर्व्हरच्या काळ्या खिडकीत सहा आकडी जॉइन कोड येतो तो सगळ्यांना द्यायचा. थोडा वळसा पडतो, पण चालतं. एखाद्या भावंडाकडे एक्सबॉक्स असेल तर तोही यात येतो.

अडखळण्याचं उत्तर तर तुझ्या ताईनेच दिलंय. या खेळात सर्व्हर पोस्टमास्तर आहे, पत्रं इकडून तिकडे करतो, बस. डुक्कर कुठे पळाला, झाड कुठे पडलं, हा हिशेब त्या भागात जो खेळाडू आधी पोचला त्याचा कॉम्प्युटर करतो आणि बाकीच्यांना सर्व्हरमार्फत कळवतो. ताई एकटी असते तेव्हा तिच्या आसपासचा सगळा हिशेब तिच्याच मशीनवर, म्हणून टोरांटोत बसूनही लोणी. तुम्ही जमता तेव्हा घराजवळ आधी कोण उभा असतो ते बघ. ज्याचं वायफाय दोन भिंतींपलीकडून येतं किंवा ज्याचा लॅपटॉप धापा टाकतो, तो आधी पोचला की सगळ्यांचे डुक्कर अमर होतात. त्याला नेटची केबल लावायला सांग, नाहीतर सरळ नियम करा की चांगल्या लाइनवाला आधी आत जाणार आणि घराजवळच थांबणार. एफ-२ दाबलं की ज्याला त्याला आपापला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दिसतो, तो सगळ्यांनी सांगा, भांडायची गरज नाही.

आणि जे तू विचारलंच नाहीस ते सगळ्यात महत्त्वाचं: सेव्ह. सर्व्हर जग आपोआप जतन करतो, पण मुळात दर १८०० सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या तासाने. तुमची पात्रं मात्र सर्व्हरवर नसतात, ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर असतात. आता बघ काय होतं. धाकट्याने खाणीतून लोखंड आणलं, घरच्या पेटीत टाकलं, आणि दहा मिनिटांनी बडोद्यात लाइट गेली. जग मागच्या सेव्हवर गेलं, तिथे पेटीत लोखंड नाही. त्याचं पात्र मात्र आताचं जतन झालेलं, त्याच्या पिशवीतही लोखंड नाही. दोन्हीकडून गेलं, आणि चोरीचा आळ इंदूरवाल्यावर. ‘सेव्हइंटरव्हल’ ६०० कर, म्हणजे दहा मिनिटं. सेव्ह होताना क्षणभर खेळ थबकतो, तेवढं सोसा. बॅकअप मुळात चार ठेवतो, पहिला दोन तासांचा आणि बाकीचे बारा-बारा तासांच्या अंतराने. माझं मत, ‘बॅकअप्स’ वाढवून आठ कर, आणि आठवड्यातून एकदा तो फोल्डर पेनड्राइव्हवर घे. अवघड-सोपं उद्याही बदलता येतं, उडालेलं जग येत नाही.

बंद करताना खिडकीची फुली दाबायची नाही, कंट्रोल-सी दाबायचं आणि जतन होऊन खिडकी आपोआप मिटेपर्यंत थांबायचं. हे आईबाबांना पण सांगून ठेव. विंडोजची झोप बंद कर, आणि अपडेटसाठी रात्रीतून आपोआप रीस्टार्ट होणार नाही असे तास लाव. रात्र म्हणजे तुझ्या ताईची संध्याकाळ.

एक सुचवू? डेस्कटॉपऐवजी घरात जुना लॅपटॉप असेल आणि त्याची बॅटरी अर्धा तास जरी टिकत असेल तर तोच सर्व्हर कर. फुकटचा यूपीएस. आवाज कमी, आईची अटही पाळली जाईल. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घे. पावसाळ्यात आणि उतराणीला (संक्रांतीला), तारांत मांजा अडकला की, त्याची किंमत कळते.

उसळ_एक्स्ट्रा_तर्री

वायरमनदादांनी वायरींचं सांगितलं, मी भांडणांचं सांगते. आमच्याकडे नणंदा, दीर, जावा मिळून खेळतात, त्यामुळे अनुभव दांडगा आहे.

ऋचा, अख्खा ‘प्रीसेट’ (सेटिंगांचा तयार संच) निवडू नकोस, सुटे ‘मॉडिफायर’ (एकेका गोष्टीचं सेटिंग) लाव. प्रीसेट लावायचाच असेल तर ओळीत तो आधी लिही, मागून लिहिलास तर आधीचे सगळे मॉडिफायर पुसून टाकतो.

धाकट्यासाठी ‘डेथपेनल्टी’ हे ‘कॅज्युअल’ कर. मेल्यावर अंगावर घातलेलं आणि हातातलं सामान त्याच्याजवळच राहतं, बाकीचं थडग्यात, आणि कौशल्यंही फारशी घटत नाहीत. अर्धं रडणं इथेच संपतं. उलट टोकाला ‘हार्डकोर’ आहे, त्यात सामानही गेलं आणि कौशल्यं शून्यावर. इंदूरच्या भावाने ते मागितलं तर त्याला सांग, स्वतःचं वेगळं जग काढ.

त्याची हौस ‘कॉम्बॅट’ एक पायरी वर नेऊन भागव. मार जोरात बसेल पण मरण स्वस्त राहील. माझ्या मते घरच्या खेळाला हीच जोडी बरी. नवीन माणूस मरायला भीत नाही, जुन्याला कंटाळा येत नाही.

ताईसाठी दोन मार्ग. ‘रेड्स’ ‘नन’ केलंस तर हल्लेच बंद, पण मग कुंपण, खंदक, राखण कशाला बांधायची? त्यापेक्षा ‘सेटकी’ लिहून ‘प्लेयरइव्हेंट्स’ लाव. एरवी जगात कोणीही मोठा बॉस (बलाढ्य राक्षस) मारला की हल्ले त्या मानाने सगळ्यांवरच येतात. हे लावलं की ज्याची जेवढी प्रगती तेवढाच हल्ला त्याच्यावर. ताई मागे राहिली असेल तर तिच्यावर तिच्या तोलाचेच येतील.

वेळेच्या फरकाचं एक माहीत असू दे: कोणीच आत नसेल तर जगातला वेळ थांबतो, त्यामुळे सर्व्हर दिवसरात्र चालू ठेवला तरी काही बिघडत नाही. मात्र रात्र झोपून घालवायची तर आत असलेल्या सगळ्यांनी पलंगावर पडावं लागतं. एक जण खाणीत अडकला की बाकीचे सहा पलंगावरून त्याच्या नावाने ओरडतात. यावर सेटिंग नाही.

आणि ‘पोर्टल्स’ ‘कॅज्युअल’ करच. पोर्टल म्हणजे क्षणात दुसरीकडे नेणारं दार. मुळात धातू त्यातून नेता येत नाही, याने नेता येतो. ताईचा तासभर होडीत समोरच्या वाऱ्याशी झगडण्यात जायचा असेल तर ती येणंच सोडेल.

वायरमन_रावपुरा

बाकी सगळं मान्य, पोर्टलचं नाही. लोखंड होडीत भरून, वाटेत सर्पाला चुकवत घरी आणणं हाच तर खेळ. ते काढलंत तर होडी बांधायचीच कशाला? आमच्या भाच्यांनी पोर्टल मोकळं केलं त्यानंतर बंदरावर गवत उगवलंय.

उसळ_एक्स्ट्रा_तर्री

दादा, तुम्हाला रविवार अख्खा मिळतो, म्हणून सर्प सुचतात. माझा कुकर तीन शिट्ट्यांवर असतो.

ऋचा_दांडियाबाजार

दोघांनाही खूप खूप धन्यवाद! नावाचाच घोळ होता, दादाच्या जगाचं नाव लहान अक्षरांत आणि मी पहिलं मोठं केलेलं. आता आमचं घर दिसतंय, छपराला पडलेल्या भोकासकट.

वॅन आयपी १०० पासूनच सुरू होता. क्रॉसप्ले घातलं आणि पुण्याचे तिघं आत आले. केबलचा नियमही केला. दोषी आमचा धाकटाच निघाला, माजघरात बसून सगळ्यांच्या आधी पोचायचा. बाबांचा जुना लॅपटॉप शोधतेय.

पोर्टलचं मत घेतलं, चार विरुद्ध तीन, धातूला सध्या बंदच. ताई तीनमध्ये होती, त्यामुळे हा विषय पुन्हा येणार.

दोन शंका: सर्व्हर पुन्हा सुरू केला की जॉइन कोड बदलतो, दरवेळी ग्रुपवर टाकावा लागतो. आणि काल इंदूरच्याला ‘आवृत्ती जुळत नाही’ असं आलं, बाकी कोणाला नाही.

वायरमन_रावपुरा

कोड बदलणारच. कंटाळा आला असेल तर ‘पब्लिक’ १ कर, मग यादीत नाव शोधून येता येतं, आणि एकदा आवडत्यात टाकलं की शोधावंही लागत नाही. यादीत दिसलं तरी पासवर्डाशिवाय कोणी आत येत नाही, फक्त तो धाकट्याच्या नावाचा ठेवू नका. तुमची भावंडं सोडून कोणीच नको असेल तर वर्ल्ड्स_लोकलच्या बाहेरच्या व्हॅलहाइम फोल्डरातल्या परवानगीच्या यादीत सगळ्यांचे आयडी एकेका ओळीवर लिही. एफ-२ वर प्रत्येकाचा आयडी दिसतो, तिथून जसाच्या तसा उतरव. यादीत एकही नाव टाकलंस की यादीबाहेरच्यांना दार बंद, म्हणून स्वतःला विसरू नकोस. तुझाच आयडी ॲडमिनच्या यादीतही टाक, म्हणजे खेळातून सेव्ह करायचा हुकूम देता येतो.

आवृत्तीचं म्हणजे त्याच्या स्टीमने (ज्या ॲपवरून खेळ घेतला त्याने) खेळ अपडेट केला आणि तुझा सर्व्हर जुनाच. बाकीच्यांचं स्टीम अजून जागं झालं नसेल, तेही आज-उद्या अडकतील. सर्व्हर कंट्रोल-सी ने बंद कर, जगाच्या फोल्डरची प्रत काढ, मग स्टीममधून सर्व्हर अपडेट कर. तो तुझ्या लायब्ररीत टूल्सखाली वेगळा दिसतो. स्टीमसीएमडी (हुकूम टाइप करून चालवायचं स्टीम) वापरत असशील तर त्याचा क्रमांक ८९६६६०. अपडेट झाल्यावर मूळ बॅच फाइल नाही, तुझी प्रत चालव.