कर्जाच्या एजंटाकडं नेमकं कुठलं लायसन बघायचं?

लेथवाला:
उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप हाय. सेकंडहँड मशीनला तीन लाख कमी पडायलेत. राजारामपुरीतला एक एजंट म्हणतोय, फायनान्स कंपनीकडनं आठवड्यात करून देतो, पण आधी साडेचार हजार फाइल चार्ज रोख. लायसन दाखवा म्हटलं, तर भिंतीवरचं शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट दाखवलं! ते माझ्याकडंबी हाय, म्हणून मी काय कर्ज वाटायलोय? दुसरीकडं गल्लीतला सावकार शेकडा पाचनं द्यायला तयार, वर सही केलेला कोरा चेक मागतोय. ह्यांच्यावर बघणारं कोण हाय का न्हाई?

निवृत्त सहकारवाला:
सावकार सहकार खात्याकडे येतो, 2014 चा सावकारी नियमन कायदा. परवाना आहे का, हे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात विचारा. शेतीबाहेरच्या कर्जाला तारणावर वर्षाला 15 टक्के, विनातारण 18, त्यावर नाही. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाचे 60 टक्के झाले की हो! रक्कम न लिहिता वचनचिठ्ठी किंवा दस्त लिहून घेणं हा गुन्हा, आणि बिनपरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद.
फायनान्स कंपनी मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली लागते. यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. एजंटाला रिझर्व्ह बँक वेगळं लायसन देत नाही. त्याला कंपनी नेमते आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी कंपनीचीच. त्याचं नेमणूकपत्र मागा.

गुजरीकर:
साडेचार हजार अजिबात देऊ नका भावा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या कर्जाला माहितीपत्रक द्यावंच लागतं. त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर असतो. त्यात नसलेला चार्ज तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

लेथवाला:
आज कंपनीच्या शाखेत जाऊन आलो. प्रोसेसिंग फी कर्जातनंच कापतो, रोख घेत न्हाई म्हणाले. एजंटाचं नाव सांगितलं, तर तिथली पोरगी नुसती हसली. आता शेजारच्या मोल्डरचं सांगा, त्यानं सावकाराला कोरे चेक कवाच देऊन ठेवलेत.

निवृत्त सहकारवाला:
त्यानं उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. झडती घेऊन कागद जप्त करायचे अधिकार त्यांना आहेत. व्याज फोन-पेवर दिलं असेल, तर स्टेटमेंट जोडायला सांगा.